ढोरांच्या दवाखान्यात लॅब्रॅडोर

वऱ्हाडात पशुवैद्यकीय दवाखान्याला अजूनही ‘ढोरांचा दवाखाना’च म्हणतात. नाव चुकीचं नाही. हे दवाखाने उभे राहिले ते बैलांसाठी, गाई-म्हशींसाठी. खरिपाच्या तोंडावर बैल बसला की कपाशीची पेरणीही बसली, हे गणित इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आता त्याच दवाखान्याच्या ओट्यावर, पोट फुगलेल्या शेळीच्या शेजारी, लाल पट्टा लावलेला लॅब्रॅडोर धापा टाकत बसलेला असतो.

त्याच्या मालकाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं. “दोन दिवसांपासून काही खाऊनच नाही राह्यला, डॉक्टरसाहेब.” डॉक्टर विचारतात, लस कधी दिली होती? मग जरा शांतता. कार्ड घरी राहिलेलं असतं, किंवा ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांनी ‘सगळं झालेलं आहे’ म्हणून सांगितलेलं असतं.

नवल वाटतं ते याचं की, आजाराआधी औषध ही कल्पना इथे मुळीच नवी नाही. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्यायची, लाळ्या-खुरकुताची चुकवायची नाही, हे ज्या आजोबांना तोंडपाठ, त्यांच्याच नातवाच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला दुसरा डोस मिळालेला नसतो. ऑगस्ट २०२२मध्ये जळगाव जिल्ह्यात गुरांचा लम्पी रोग दिसला आणि पुढे बुलडाणा, अकोला, अमरावतीकडे पसरला, तेव्हा त्यावर वापरली जाणारी शेळ्यांच्या देवीची लस गोठ्यागोठ्यांत पोहोचली होती. बैल कमावता, म्हणून त्याची तारीख लक्षात राहते. कुत्रा लाडका, म्हणून त्याची राहत नाही, असं काहीसं झालं आहे.

त्याची किंमत अमरावतीनं पाहिली आहे. जानेवारी २०२२मध्ये शहरातल्या कुत्र्यांत पार्व्होची लागण वाढली आणि त्याच्या बातम्या देशभर झळकल्या. पार्व्हो हा पिल्लांचा काळ. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतच्या वयात तो गाठतो. आधी उलट्या, मग रक्ताची हगवण आणि तिला एक विशिष्ट कुबट वास. ज्यानं एकदा तो घेतला त्याला तो पुन्हा ओळखायला सांगावं लागत नाही. विषाणू आतड्याचं अस्तर सोलून काढतो, पांढऱ्या पेशी उतरवतो आणि सलाइन वेळेवर लागलं नाही तर पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. त्याला थेट मारणारं रोजच्या वापरातलं औषध नाही. पिल्लू तगवून धरायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. बरं, पिल्लू गेलं तरी विषाणू जात नाही. अंगणातल्या मातीत तो कित्येक महिने टिकतो, फिनेलला भीक घालत नाही. ब्लीचच्या द्रावणानं फरशी धुवावी लागते. दुःखाच्या भरात महिन्याभरात दुसरं पिल्लू आणणारी घरं त्याच अंगणात दुसऱ्यांदा फसतात.

पण “लस दिली होती तरी गेलं” असं सांगणारेही भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. याचं कारण चिकात आहे. गाय व्याली की वासराला पहिल्या चिकाचं दूध पाजायचं, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. कुत्रीच्या पहिल्या दुधातूनही पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. अडचण अशी की, ही उसनी शक्ती रक्तात आहे तोवर ती लसीलाही शत्रू समजून निकामी करते. ती सहाव्या आठवड्याला ओसरेल की चौदाव्या, हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर दोन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच, असं वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. एका सुईवर थांबलेलं पिल्लू अनेकदा लस न दिल्यासारखंच असतं.

लसीचं आणखी एक वऱ्हाडी दुखणं म्हणजे ऊन. तिला २ ते ८ अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. मे महिन्यात दुकानातून कुपी घेऊन, पिशवीत टाकून, गाडीवर शहराच्या दुसऱ्या टोकाला नेली तर आत पाणीच उरलं असं समजावं. बर्फाच्या डब्यातून आणावी, किंवा सरळ कुत्र्यालाच दवाखान्यात न्यावं. टोचल्यावर कुपीवरची चिठ्ठी कार्डावर चिकटवलेली आहे का, ते बघावं. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. नुसत्या सहीपेक्षा ती चिठ्ठी महत्त्वाची.

उन्हाचा मार थेट जनावरावरही असतोच. मे २०२४मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला, तेव्हा प्रशासनानं जिल्ह्यात ३१ मेपर्यंत १४४ कलम लावलं होतं. आणि याच हवेत लोक हस्की पाळतात! कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. उन्हातून आल्यावर ते १०४च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले तर साधं पाणी अंगावर ओतून कूलरसमोर ठेवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. बर्फात बुडवायचं नाही. त्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि उष्णता आतच कोंडते.

गोचिडाबद्दल मात्र वऱ्हाडी माणसाला फाजील आत्मविश्वास आहे. गोठ्यातली गोचीड आयुष्यभर काढलेली, मग कुत्र्याच्या कानातली ती काय! पण कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातच संसार थाटते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली गळून पडते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला आंघोळ घालून काम भागत नाही, भिंतीच्या फटीही बघाव्या लागतात. तिच्यातून होणाऱ्या एर्लिकिया या रोगात रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. काही कुत्रे पहिल्या तापातून उठतात, मालक निश्चिंत होतो आणि काही महिन्यांनी एका सकाळी नाकातून रक्ताची धार लागते. सुरुवातीलाच रक्त तपासलं तर साध्या गोळ्यांवर निभावतं. गोठ्यात फवारायचं औषध कुत्र्यावर अंदाजपंचे मारू नये, आणि घरात मांजर असेल तर मुळीच नाही. अशा औषधांतलं पर्मेथ्रिनसारखं कीटकनाशक मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. तापावरची आपली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

रेबीजवर वाद नकोच. तीन महिन्यांच्या वयात पहिली लस, मग दरवर्षी. कुत्र्यानं चावा घेतला तर जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायची आणि स्वतःची लस घ्यायला जायचं.

मग आजार नसताना, नुसत्या तपासणीला न्यायचं म्हणजे डॉक्टर करतात तरी काय? अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी शिकलेला तरुण डॉक्टर आधी हातच चालवतो. ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबतो. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली तर रक्ताभिसरण ठीक. हिरडीच फिकट दिसली तर मनात गोचीड आणि जंत येतात. मग कानाचा वास, जबड्याखालच्या गाठी, दाढांवरचं किटण, पोट, कुत्री असेल तर स्तनांच्या गाठी. न भिजलेल्या काडेपेटीत आणलेली ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली जाते. पाच-दहा मिनिटांचं काम. मांजरांच्या बाबतीत हे जास्तच मोलाचं, कारण ती दुखणं लपवण्यात पटाईत.

ओट्यावरचा तो लॅब्रॅडोर या वेळी आजारी नसतो, जंताच्या गोळीला आलेला असतो. वजनकाटा एक्केचाळीस किलो दाखवतो.

“घरचंच खाते साहेब, पोळी न् तूप.”

“तूप बंद,” डॉक्टर म्हणतात आणि कार्डावर पुढची तारीख लिहितात. मालक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो, बोटावर काहीतरी मोजतो. “त्या दिवशी तान्हा पोळा हाय ना बाप्पा. नातवाचा लाकडी बैल मिरवाचा हाय.”

डॉक्टर तारीख खोडून एक दिवस पुढची लिहितात.