मोजपट्टी कुणाच्या हाती?

मानसशास्त्राचा इतिहास १८७९ सालच्या लाइपझिग येथील विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेपासून सांगण्याचा प्रघात आहे. पाठ्यपुस्तकांतील वंशवृक्ष मग जेम्स, फ्रॉइड, वॉटसन असा वाढत जातो. या नामावळीत खोटे काहीच नाही. परंतु मनुष्यमात्राचे मन मोजण्याचे काम ज्या शास्त्राने अंगावर घेतले, त्याची मोजपट्टी प्रदीर्घ काळ एकाच प्रकारच्या माणसांच्या हाती होती, हे तिच्यातून उमगत नाही. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते ते आत आले, तेव्हा या व्यवसायाच्या शिरगणतीत भर पडली एवढेच झाले नाही. पूर्वी कुणाला न सुचलेले प्रश्न शास्त्राला विचारले जाऊ लागले.

अमेरिकेतील मेरी व्हिटन कॅल्किन्स यांची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स आणि ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला, १८९५ साली डॉक्टरेटची परीक्षा उत्तम रीतीने दिली. पण त्या स्त्री आहेत म्हणून विद्यापीठाने पदवी नाकारली. पुढे रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी देऊ करण्यात आली, ती त्यांनीच बाणेदारपणे नाकारली. १९०५ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. ज्यांच्या हाती पदवीचा कागद नाही अशा विदुषीने पदवीधरांच्या सभेचे अध्यक्षपद भूषवावे, यातला विनोद हार्वर्डला कळला असेल असे वाटत नाही.

याहून मोलाचे उदाहरण मेमी फिप्स क्लार्क यांचे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मानसशास्त्र विभागाची धुरा फ्रान्सिस समनर यांच्याकडे होती. १९२० साली या विषयात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. त्याच विभागात मेमी यांनी १९३९ साली एम.ए.चा प्रबंध लिहिला. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील कृष्णवर्णीय बालकाला स्वतःच्या ‘स्व’ची जाणीव कशी होते, हा त्याचा विषय होता. हा प्रश्न गौरवर्णीय संशोधकाच्या मनात क्वचितच उद्भवला असता. पुढे पती केनेथ क्लार्क यांच्यासह त्यांनी केलेला प्रयोग अगदी साधा होता. रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या अशा बाहुल्या तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे ठेवायच्या आणि विचारायचे: चांगली बाहुली कोणती? वाईट दिसणारी कोणती? बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शेवटचा प्रश्न असे, ‘तुझ्यासारखी कोणती?’ त्यावर काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालपत्राच्या तळटिपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा आधार दिला गेला. प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे आक्षेप निघाले आणि त्यांतले काही रास्तही होते. पण प्रश्नच चुकीचा होता असे म्हणण्याची सोय उरली नाही. मेमी यांचे नाव मात्र त्या तळटिपेत नाही. १९४३ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवूनही त्यांना योग्य नोकरी मिळेना. शेवटी १९४६ साली दोघांनी हार्लेममध्ये मुलांसाठी स्वतःचेच केंद्र उघडले. केनेथ पुढे मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. वंशभेदातील आपल्या वाट्याबद्दल त्या संघटनेने जाहीर क्षमा मागितली ती २०२१ साली.

हार्वर्डच्या त्याच प्रयोगशाळेचा एक धागा भारतातही आलेला आहे. म्युन्स्टरबर्ग यांचे शिष्य नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी १९१६ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. त्याच शहरात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली मनोविश्लेषकांची भारतीय संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. आपल्या भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांसारखी काही लक्षणे तितक्या तीव्रतेने दिसत नाहीत, असे त्यांनी गुरूच्या आसनावरील त्या माणसाला निःसंकोच कळवले. फ्रॉइडने उत्तरे सौजन्याने दिली. सिद्धांत मात्र होता तसाच राहिला.

महाराष्ट्रातील शिक्षकांना अधिक जवळचे नाव व्ही. व्ही. कामत यांचे. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी १९३० च्या दशकात नव्याने बेतली. नुसते शब्दांतर करून भागणार नाही, येथील मुलांवर तपासूनच प्रश्नांची काठिण्यपातळी ठरवावी लागेल, हे त्यांनी ओळखले होते. बिने–कामत कसोटी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते आणि मुलाला कोणत्या वर्गात, कोणत्या शाळेत बसवायचे हे तिच्या अंकावरून ठरते. मेळघाटातील ज्या मुलाच्या घरी कोरकू बोलली जाते, त्याच्यापुढे ही मराठी प्रश्नावली ठेवली आणि ते गप्प राहिले, तर अंक मंदबुद्धीचा पडतो. ते मूल बुद्धीने मागे आहे की प्रश्नाची भाषाच त्याची नाही, हे त्या अंकात कोठेही लिहिलेले नसते.