करपा, कॅनडा आणि खामगाव

आपल्याकडे नवा माणूस भेटला की आडनावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: मूळ गाव कोणतं? कॅनडात पूर्वजांचं मूळ थेट जनगणनेत विचारतात, आणि एकाहून जास्त उत्तरं दिली तरी चालतात. 2021 साली 53 लाख लोकांनी इंग्लिश लिहिलं, 44 लाखांनी आयरिश आणि जवळपास तेवढ्यांनीच स्कॉटिश. खुद्द आयर्लंड देशाची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत 51 लाखांच्या आसपास होती!

एवढी माणसं समुद्रापार गेली कशी? त्यातलं एक कारण बुलढाण्याच्या शेतकऱ्याला लगेच कळेल: करपा. पानावर काळपट डाग, पानाखाली पांढरट बुरशी. ढगाळ, दमट हवा टिकली की बघता बघता अख्खं शेत काळं. 1845 पासून आयर्लंडचा बटाटा असा गेला, आणि गरिबाच्या ताटात दुसरं काही नव्हतंच. 1847 या एका वर्षात सुमारे एक लाख माणसं जहाजांत कोंबून कॅनडाकडे निघाली. क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर त्यांना तपासणीसाठी उतरवत. त्या वर्षी पाच हजारांहून अधिक जणांना तिथेच पुरावं लागलं, बहुतेक तापाने गेलेले. मागे राहिलेल्या पोरक्या मुलांना फ्रेंच बोलणाऱ्या घरांनी पदरात घेतलं आणि कित्येकांची आयरिश आडनावं तशीच राहू दिली. आजही क्वेबेकात घरी फ्रेंच बोलणारे रायन आणि बर्क भेटतात. मला याचं फार अप्रूप वाटतं. पोटाला दिलं, पण नाव काढून घेतलं नाही.

कॅनडाचा एक धागा खामगावापर्यंतही येतो. प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटावर 1843 साली एका स्कॉटिश वंशाच्या घरात अल्बर्ट सिम्पसन जन्मले. पुढे ते पाद्री झाले, न्यूयॉर्कला गेले आणि 1887 साली त्यांनी ज्या संस्थेचा पाया घातला, तीच आपल्या वऱ्हाडातली अलायन्स मिशन. धर्मप्रसार हा तिचा उघड हेतू होता. पण 1899-1900 च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना खामगावात आसरा मिळाला, तो याच मिशनच्या अनाथालयात.

तुमची पणजी तिथे वाढलेली असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा: तिचं मूळ गाव कोणतं? आणि मिळेल ते उत्तर लिहून ठेवा.