परदेशातले लग्न आणि भारतातली कागदपत्रे

परदेशात लग्न करू पाहणाऱ्या भारतीय नागरिकाला कायद्याने दोन मार्ग खुले आहेत. एक, तिथल्या स्थानिक कायद्यानुसार विवाह करणे. दुसरा, तिथल्या भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यापुढे १९६९च्या विदेशी विवाह कायद्याखाली विवाह करणे.

वकिलातीतल्या विवाहासाठी दोघांपैकी एक जण तरी भारतीय नागरिक हवा. वधूला १८ आणि वराला २१ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचे त्या अधिकाऱ्याच्या हद्दीत किमान ३० दिवस वास्तव्य लागते. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. त्यामुळे आठवडाभराच्या सुट्टीत हा विवाह उरकता येत नाही. नोटिशीपासून सहा महिन्यांत विवाह झाला नाही, तर पुन्हा नव्याने नोटीस द्यावी लागते. विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात.

स्थानिक कायद्याने लग्न करताना सर्वाधिक त्रास देतो तो अविवाहित असल्याचा पुरावा. इटलीच्या नागरी संहितेचे कलम ११६ परदेशी व्यक्तीकडून तिच्या देशाच्या अधिकाऱ्याचा, विवाहाला अडथळा नसल्याचा दाखला मागते. भारतात मात्र प्रत्येक विवाहाची नोंद असलेले एकच मध्यवर्ती दप्तर नाही. म्हणून शपथपत्र करावे लागते, त्याला आई-वडिलांच्या शपथपत्राची जोड द्यावी लागते आणि त्या आधारे वकिलातीकडून दाखला मिळवावा लागतो. घटस्फोटितांना न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते, विधवा-विधुरांना जोडीदाराचा मृत्यूदाखला. हिंदू विवाह कायद्याखालच्या हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपण्याआधी दुसऱ्या लग्नाची तारीख ठरवणे धोक्याचे.

हे कागद परदेशात चालावेत म्हणून त्यांच्यावर अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्के खरे असल्याचे सरकारी प्रमाणपत्र, लागते. १९६१च्या हेग कराराने आलेली ही पद्धत भारतासाठी १४ जुलै २००५पासून लागू झाली. आधी राज्य सरकारच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा सर्वसाधारण क्रम असतो. करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते. जर्मनीने तर भारताच्या सहभागाला हरकत घेतली. तिथे नुसते अपोस्टिल पुरत नाही. जर्मन यंत्रणा कागदांची भारतात प्रत्यक्ष पडताळणी करवून घेते आणि त्यात महिने जातात. पुण्याहून नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांनी हे आधीच धरून चालावे.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांना खरी ठेच लागते ती नावांवर. जुन्या जन्मदाखल्यात बाळाचे नावच नसते, शाळेच्या दाखल्यात वडिलांचे नाव मधे येते, पासपोर्टवर ते गळलेले असते. परदेशी निबंधकाला ही वेगवेगळी माणसे वाटू शकतात. म्हणून नावाची दुरुस्ती सर्वांत आधी, अपोस्टिल त्यानंतर. मराठी दाखल्याचे भाषांतरही त्या देशाला मान्य असलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे. अविवाहित असल्याचे दाखले अनेक ठिकाणी काही महिनेच ग्राह्य धरतात. ते शेवटी काढलेले बरे.

तळ्याकाठच्या हॉटेलात भटजींनी लावलेले लग्न सुंदर असेल, पण फ्रान्समध्ये कायदा फक्त नगरपालिकेतला विवाह मानतो आणि तोही धार्मिक विधीच्या आधी व्हावा लागतो. परदेशी विवाहाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याच देशातून त्यावर अपोस्टिल घ्यावे. १९६९च्या कायद्याचे कलम १७ असा विवाह भारतीय विवाह अधिकाऱ्याकडे नोंदवण्याचीही सोय देते.