काताऱ्याची जाण

‘ध्यान’ हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे झाड, गुहा आणि मिटलेल्या पापण्या येतात. कारखान्याचा भोंगा, बसची रांग किंवा चुलीवरचे दूध येत नाही. आमचाही समज तसाच होता. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेथे आम्हांला धर्मानंद कोसंबी भेटले. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले हे गृहस्थ बौद्ध विद्येच्या शोधात घर सोडून सिंहलद्वीप व ब्रह्मदेशापर्यंत गेले आणि परत येऊन त्यांनी बुद्धाची शिकवण साध्या मराठीत आणून ठेवली. त्यांचे बोट धरून आम्ही सतिपट्ठान सुत्तापर्यंत पोचलो, आणि तेथे आम्हांला चक्क एक कारागीर भेटला!

हे सुत्त मज्झिमनिकायात दहावे आहे. श्वासाकडे लक्ष कसे द्यावे हे सांगताना बुद्ध दाखला देतो तो काताऱ्याचा. कुशल कातारी किंवा त्याच्या हाताखालचा उमेदवार लांब फिरकी घेताना ती लांब आहे हे जाणतो, आखूड घेताना ती आखूड आहे हे जाणतो. श्वासाचेही तसेच जाणावे. लेथवर उभे राहिलेल्या माणसाला हे अधिक फोडून सांगावे लागत नाही. त्याचा हात चालतो आणि हाताबरोबर भानही चालते. पुढे तर जाणे-येणे, वाकणे, वस्त्र पांघरणे, खाणे-पिणे, बोलणे, गप्प राहणे, फार काय, शौचाला जाणेदेखील भान ठेवून करावे असे सुत्त सांगते. तेव्हा रोजच्या व्यवहारात ध्यान आणणे ही आजची टूम आहे, असे कोणी समजू नये.

‘सति’ म्हणजे संस्कृतातली स्मृती. परंतु येथे तिचा रोख गतगोष्टींवर नाही. आत्ता जे चालले आहे त्याचा विसर पडू न देणे, ही ती स्मृती. तिची क्षेत्रे चार : काया, वेदना, चित्त आणि धम्म, म्हणजे मनाला अडविणाऱ्या व मोकळे करणाऱ्या गोष्टी. यांतल्या ‘वेदना’ शब्दाने मराठी वाचक फसतो. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली, अशी कोणतीही अनुभूती येथे वेदनाच होय. वेदनेतून तृष्णा उपजते, असे बुद्ध सांगतो. अपमानाचा शब्द कानी पडतो, छातीत कळ उठते, आणि लगेच त्या कळीला झटकून टाकण्याची घाई होते. ही घाई ओळखता आली, तर माणसाला एका श्वासाची सवड मिळते.

ती सवड न घेण्याची किंमत आम्ही पाहिली आहे. २००४ साली एका कारखान्यात वाटाघाटी चालू होत्या. विषयपत्रिकेवर चौथा विषय पॉवर प्रेसच्या गार्डचा होता. दुसऱ्याच विषयावर व्यवस्थापकाने आमच्या शिक्षणावरून एक शब्द टाकला. आम्ही टेबलावर हात आपटला आणि सभा सोडून बाहेर पडलो. फाटकावर जयजयकार झाला. चौथा विषय तसाच राहिला. अकरा दिवसांनी त्याच प्रेसवर एका तरुणाची दोन बोटे गेली. कंपनीच्या अहवालात कारण लिहिले होते : ‘कामगाराचे दुर्लक्ष’.

धोक्याच्या यंत्रभागांना आवरण घालणे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने मालकावर बंधनकारक होते. दोष कंपनीचा होता, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. पण दुर्लक्ष आमचेही होते, हे आम्ही त्या मुलाच्या खाटेशी बसून शिकलो.

१९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी या साधनेला रुग्णालयात जागा करून दिली. पुढे ती कंपन्यांच्या कचेऱ्यांतही शिरली. आता कामगार विचारतात, ‘साहेब लोक पगार वाढवायचा सोडून श्वास मोजायला शिकवतात, ते आम्ही का शिकावे?’ प्रश्न रास्त आहे. गार्डच्या जागी ध्यान बसविता येत नाही. तसे कोणी करू लागला, तर त्याला विरोधच केला पाहिजे. परंतु गार्ड मिळवायला शांत डोके लागते, हेही तितकेच खरे.

संयुत्तनिकायात बांबूवर कसरत करणाऱ्या डोंबाऱ्याची आणि त्याच्या चेल्याची गोष्ट आहे. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. चेला म्हणतो, प्रत्येकाने स्वतःचा तोल सांभाळला तरच दोघे सुखरूप उतरू. बुद्ध चेल्याची रीत मान्य करतो. पण तेथेच थांबत नाही. स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो आणि दुसऱ्याला राखणारा स्वतःला राखतो, असा त्याचा निवाडा आहे. संघटनेचे याहून नेमके मर्म आम्हांला दुसरीकडे सापडलेले नाही.

सुरुवात थोडक्यात करावी. पाळीवर जाताना फाटकापासून खात्यापर्यंतची पावले जाणून टाकावीत. पहिला घास चावून होईपर्यंत दुसरा उचलू नये. घरात चढ्या आवाजात उत्तर देण्यापूर्वी एक श्वास पुरा जाणावा. मन पळेल, पळाले हे कळले की परत आणावे. आम्हीही अजून उमेदवारच आहोत. मात्र आता सभेत अपमानाचा शब्द आला, की आम्ही आधी एक श्वास घेतो आणि मग विषयपत्रिकेवरचा चौथा विषय पाहतो.