वर्क्स मिनी : पत्र्याची नव्हे, पूर्वेतिहासाची किंमत

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, या कंपनीचा स्पर्धा विभाग इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डन इथल्या एमजी मोटारींच्या कारखान्यात होता. १९५०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालेला हा विभाग १९७०मध्ये बंद पडला. तिथून निघालेल्या, लाल अंगाच्या आणि पांढऱ्या टपाच्या मिनी कूपर एस गाड्यांनी मॉन्टे कार्लो रॅली तीनदा जिंकली : १९६४मध्ये पॅडी हॉपकर्क, १९६५मध्ये टिमो मॅकिनेन आणि १९६७मध्ये राऊनो आल्टोनेन यांच्या हाती. १९६६मध्येही पहिले तीन क्रमांक मिनींचेच होते. पण हेडलाइटची रचना नियमात बसत नाही असं ठरवून त्या बाद झाल्या आणि विजेतेपद सित्रोएनला मिळालं. त्या निकालाबद्दलची चीड इंग्लंडमध्ये आजही पुरती विझलेली नाही.

कंपनीने स्वतः तयार करून स्वतःच्या संघातर्फे उतरवलेल्या अशा गाडीला ‘वर्क्स’ गाडी म्हणतात. त्याच वर्षी दुकानातून विकलेल्या कूपर एसपेक्षा तिची किंमत आज कितीतरी पटींनी जास्त असते. हा फरक यंत्रातला नाही. अ‍ॅबिंग्डनमध्येच कंपनीचा ‘स्पेशल ट्यूनिंग’ विभाग होता आणि रॅलीचं बरंचसं सामान तो कोणाही गिऱ्हाइकाला विकत असे. इंजिनाखालचं संरक्षक पत्र्याचं कवच, जादा दिवे, अंतर मोजण्याचं हाल्डा यंत्र हे सगळं जमवून एखाद्या हौशी माणसाने १९६६मध्येच हुबेहूब गाडी उभी केली असेल, तर आज तिचे सुटे भाग पाहून काहीही सिद्ध होत नाही. खरेदीदार पैसे मोजतो ते ही गाडी त्या रात्री त्या घाटात होती या गोष्टीचे, आणि ही गोष्ट शाबीत करावी लागते.

शाबीत करणं अवघड होण्याचं मूळ कारखान्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे. स्पर्धा विभागाला गाडी हे हत्यार होतं, ठेवा नव्हे. रॅलीहून परतलेली गाडी खोलली जाई. बॉडी वाकली असेल किंवा खिळखिळी झाली असेल, तर नवी आणली जाई. मिनीला वेगळी चॅसिस नाही. पुढचं इंजिन-चाकांचं काम एका सबफ्रेमवर, मागचं दुसऱ्या सबफ्रेमवर आणि दोन्ही बॉडीला बोल्टने जोडलेल्या. त्यामुळे एका बॉडीतला ऐवज दुसरीत हलवणं सरावलेल्या मिस्त्रींना जड जात नसे. नंबरप्लेट मात्र जुनीच लागे, कारण कागदपत्रं तिच्याच नावाने तयार असत. परिणामी एकाच नंबराखाली वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या बॉडी धावल्या. काम संपलं की गाड्या विकून टाकत. घेणाऱ्यांत संघातले चालकही असत. त्यानंतर त्या क्लबच्या शर्यतींत पिटाळल्या गेल्या, ठोकल्या गेल्या, पुन्हा रंगवल्या गेल्या.

पुराव्याची सुरुवात नंबरापासून होते. १९६४ची विजेती ३३ ईजेबी, १९६५ची एजेबी ४४बी, १९६७ची एलबीएल ६डी. या नंबरांतली जेबी, बीएल ही अक्षरं बर्कशर परगण्याची आहेत, कारण १९७४पर्यंत अ‍ॅबिंग्डन त्या परगण्यात मोडत असे. वर्क्स मिनी म्हणून पुढे आलेल्या गाडीवर दुसऱ्याच परगण्याची अक्षरं असली, तर पहिली शंका तिथेच घ्यावी. यानंतर जुनं लॉगबुक, म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकासारखं नोंदणीपुस्तक. त्यात पहिला मालक, नंतरचे मालक, रंग आणि इंजिन नंबर यांच्या नोंदी असतात. पहिला मालक म्हणून कंपनीचं नाव आणि पुढे एकही दुवा न तुटता आजच्या मालकापर्यंत आलेली साखळी मिळाली, तर निम्मं काम झालं. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर संग्रहालयात कंपनीच्या उत्पादनाच्या मूळ नोंदवह्या आहेत आणि त्यांवरून दाखला मिळतो. तो गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली हे सांगतो. पुढे तिचं काय झालं हे त्याच्या कक्षेबाहेर आहे.

चॅसिस नंबरावर फार भिस्त ठेवू नये. ऑस्टिन कूपर एसचा नंबर सी-ए२एस७ने आणि मॉरिसचा के-ए२एस४ने सुरू होतो, ही माहिती नकली गाडी बनवणाऱ्यालाही असते. शिवाय तो नंबर बॉनेटखाली बसवलेल्या एका लहानशा पट्टीवर असतो. पट्टी निघू शकते, दुसऱ्या गाडीवर बसू शकते.

पट्टीपेक्षा जास्त बोलतात ती भोकं. पुढच्या पत्र्यात जादा दिव्यांच्या कंसांसाठी पाडलेली, डॅशबोर्डमध्ये सहचालकाच्या उपकरणांसाठी, जमिनीच्या पत्र्यात नळ्या आणि तारा आत घेण्यासाठी. नंतरच्या मालकांनी ती बुजवली तरी आतल्या बाजूने वेल्डिंगचे वण दिसतात. जाणकार तपासनीस गालिचा उचलतो, डॅशबोर्ड उतरवतो, दाराच्या कडेचा रंग थराथराने खरवडतो. वरच्या निळ्या-हिरव्याखाली तो ठरावीक लाल निघाला की पुढे जातो. मग त्या काळचे फोटो समोर धरून दिव्यांची जागा, स्विचांची मांडणी, पत्र्यावरचा एखादा पोचा जुळवला जातो. नवी भोकं हवी तिथे पाडता येतात, पण साठ वर्षांपूर्वीच्या फोटोतलं भोक मिलिमीटरच्या हिशेबात पकडणं फार कठीण.

बॉडीच बदलली असेल तर गाडी तीच म्हणायची का, या प्रश्नाला इंग्लंडच्या न्यायालयाने १९९० साली उत्तर दिलं. खटला रॅलीच्या नव्हे, शर्यतीच्या गाडीचा होता : १९२९ आणि १९३०ची ल मान्स जिंकणारी बेंटली, ‘ओल्ड नंबर वन’. तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, आणि मूळचं फारच थोडं उरलं आहे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. भाग बदलत गेले, पण गाडीचा इतिहास अखंड आहे आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाही, असा त्याचा मथितार्थ. वर्क्स मिनींनाही हाच न्याय लावावा लागतो. कारखान्यानेच १९६५मध्ये बॉडी बदलली असेल तर तो त्या गाडीच्या आयुष्याचा भाग. १९९५मध्ये कोणी नुसत्या लॉगबुकावरून नवी गाडी बांधली असेल तर ती प्रतिकृती, मग ती कितीही देखणी असो.

कागदांतही फरक आहे. जुन्या गाड्यांच्या शर्यतींसाठी एफआयए ही जागतिक संघटना तांत्रिक पासपोर्ट देते. गाडी त्या काळच्या नियमांत बसते एवढंच तो सांगतो; ती अस्सल असल्याची ग्वाही देत नाही. विक्रेते तो पुढे करतात तेव्हा हे ध्यानात ठेवावं.

दुरुस्तीच्या बाबतीतही हाच विवेक हवा. मूळ पत्रा कापून चकचकीत नवा घातला की गाडी सुंदर होते आणि पुरावा भंगारात जातो. गंजलेला, ठिगळं लावलेला, पण मूळ भोकांसकटचा पत्रा वाचवणं महाग आणि वेळखाऊ असतं. तरी तेच योग्य.

अ‍ॅबिंग्डनच्या गाड्या मुंबईतही येऊन गेल्या आहेत. १९६८च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये दिल्लीहून मुंबईला पोहोचलेल्या गाड्या इथूनच ‘चुसान’ जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यांत बीएमसीच्या ऑस्टिन १८०० होत्या आणि त्यांतल्या एकीने, हॉपकर्कच्या गाडीने, दुसरा क्रमांक पटकावला. त्या दिवसांत रस्त्यावर किंवा बंदरावर काढलेला एखादा फोटो कोणाच्या घरच्या अल्बममध्ये असेल, तर तो टाकून देऊ नये. मागे तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावं.