हुरजूक, नसीमा
(१९५० – ). अपंगांचे शिक्षण, पुनर्वसन व हक्क यांसाठी कार्य करणाऱ्या महाराष्ट्रातील समाजसेविका. कार्यक्षेत्र मुख्यत्वे कोल्हापूर. वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या कमरेखालील भागाची शक्ती व संवेदना नाहीशी झाली. अधरांगघात (पॅराप्लेजिया) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेत केवळ चालणेच थांबते असे नाही; मलमूत्रविसर्जनावरील ताबा जातो, आणि वेदना जाणवत नसल्याने एकाच स्थितीत बसून वा पडून राहिल्यास शय्याव्रणे होतात. त्यामुळे अशा मुलाला शाळेत पाठवायचे तर वर्गात जागा मिळणे पुरेसे ठरत नाही. चाकाची खुर्ची आत जाईल एवढे रुंद दार, पायऱ्यांऐवजी उतरण आणि वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह नसेल, तर त्याची शाळा उंबरठ्यावरच संपते. हुरजूक यांच्या पुढील सर्व कार्यामागे हा स्वानुभव आहे.

स्वतः अधरांगघाताने ग्रस्त असूनही स्वावलंबी जीवन जगणारे बाबूकाका दिवाण यांची भेट त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यातील नोकरी सांभाळून त्यांनी अपंगांसाठी काम सुरू केले. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यास पूर्णवेळ वाहून घेतले. १९८४ मध्ये गायिका रजनी करकरे-देशपांडे आदी सहकाऱ्यांसह त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. कुबड्या, कॅलिपर, खुर्च्या अशी साधने पुरविणे हे अशा संस्थांचे नेहमीचे काम. परंतु साधन मिळालेले खेड्यातील मूल शिकण्यासाठी राहणार कोठे, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. त्यातून कोल्हापूरजवळील उचगाव येथे ‘घरौंदा’ हे वसतिगृह उभे राहिले. त्यापुढील पाऊल म्हणजे समर्थ विद्यामंदिर व समर्थ विद्यालय. या शाळांत अपंग व अपंगत्व नसलेली मुले एकाच वर्गात शिकतात. येथे रूढ प्रवाहाची दिशा उलटी झाली, हे विशेष होय : सामान्य शाळेत अपंग मुलाची सोय करण्याऐवजी, त्याच्या सोयीने बांधलेल्या शाळेत इतर मुले आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात प्रौढ अपंगांच्या रोजगारासाठी ‘स्वप्ननगरी’ हा काजूप्रक्रियेचा प्रकल्प संस्थेने उभारला.

अपंगांना शिक्षण, नोकरी आणि सार्वजनिक इमारतींत प्रवेश यांबाबत हक्क देणारा केंद्रीय कायदा १९९५ मध्ये संमत झाला, म्हणजे संस्थेच्या स्थापनेनंतर अकरा वर्षांनी. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसपर्यंत वाढविले, शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा ३ वरून ४ टक्के केल्या आणि समावेशक शिक्षण ही शासनमान्य व अनुदानित शाळांची जबाबदारी ठरविली. उतरणी व स्वच्छतागृहे यांची तरतूद मात्र कायद्यात जितकी स्पष्ट आहे, तितकी ती इमारतींत आढळत नाही.

चाकाची खुर्ची हे हुरजूक यांचे आत्मकथन मराठीत विशेष वाचले गेले असून त्याचा इंग्रजी अनुवादही झाला आहे.