पायविहीर : सातपुड्याच्या पायथ्याची एक वस्ती आणि तिचे वन

अमरावती जिल्ह्याच्या नकाशावर पायविहीर हे नाव शोधावे लागते. अचलपूर तालुक्यात, गाविलगडच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी वसलेले हे शे-सव्वाशे उंबऱ्यांचे गाव आहे. येथे मोठी बाजारपेठ नाही, कारखाना नाही, प्रसिद्ध तीर्थक्षेत्रही नाही. असे असूनही २०१४ साली भारत जैवविविधता पुरस्काराच्या मानकऱ्यांत या गावाचे नाव आले. गावाने एका उघड्या पडलेल्या डोंगराची जबाबदारी कायद्याने स्वतःकडे घेतली आणि ती पार पाडून दाखविली, हे त्याचे कारण होय. हे कार्य कसे घडले, त्यामागील कायदा कोणता आणि त्यातून इतर गावांना काय घेता येईल, याचा परिचय येथे करून दिला आहे.

भूमी आणि माणसे

वऱ्हाडचा काळ्या मातीचा सपाट प्रदेश उत्तरेकडे जेथे संपतो, तेथून सातपुड्याचा चढ सुरू होतो. खाली पूर्णेचे खोरे, तेथे कापूस, तूर, संत्रा. वर मेळघाटचे सागवानी वन. या दोहोंच्या मध्ये पायथ्याचा एक अरुंद पट्टा आहे. येथील जमीन उथळ, मुरमाड आणि दगडगोट्यांची. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी नाल्यांवाटे सापन, बिच्छन यांसारख्या नद्यांना मिळते आणि पुढे पूर्णेतून तापीकडे वाहून जाते. दिवाळीनंतर मात्र याच पट्ट्यात पाण्याची ओढ लागते.

मेळघाट आणि त्याचा पायथा हा प्रामुख्याने कोरकू लोकांचा प्रदेश. त्यांच्या शेजारी गोंड, गवळी, बलाई आदी समाजही राहतात. कोरकू ही भाषा मराठी किंवा हिंदीच्या कुळातील नव्हे. ती मुंडा गटातील असून तिचे दूरचे नाते कंबोडियातील ख्मेर आणि व्हिएतनामी या भाषांशी आहे. या विशाल भाषाकुळाची सर्वांत पश्चिमेकडील शाखा म्हणजे कोरकू. जुन्या कोरकू गावांची रचनाही पाहण्यासारखी असते. मधोमध रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या सरळ रांगा. सर्वांचे अंगण एकमेकांच्या नजरेसमोर असल्यामुळे गावाचे निर्णयही उघड्यावर होत.

डोंगर उघडा कसा पडला

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे रेल्वे आणि इमारती यांसाठी सागाची गरज वाढली. १८६६ मध्ये मेळघाटातील बैरागड आणि गुगामल येथील वने राखीव झाली. वन हे शासनाचे आणि गावकरी हा सवलतीने आत येणारा, ही व्यवस्था तेव्हापासून रूढ झाली. जे आपले नाही ते जपण्याची ओढ माणसाला राहत नाही. सरपण, गुरांची चराई, घराला लागणारी वासे-बल्ली या गरजा मात्र संपत नाहीत. आतील दाट वनाला संरक्षण मिळाले आणि गावांचा सारा भार पायथ्याच्या टेकड्यांवर पडला. परिणामी अनेक टेकड्यांवर झुडपे आणि दगड एवढेच शिल्लक राहिले.

डोंगर बोडका झाला की पाणी थांबत नाही, पाणी थांबले नाही की रब्बीचे पीक येत नाही, आणि पीक आले नाही की घराला कुलूप लावून बाहेर पडावे लागते. पायथ्याच्या गावांतील कुटुंबे दिवाळीनंतर कामाच्या शोधात बाहेर पडत आणि त्यांच्यासोबत मुलेही जात. शाळेच्या हजेरीपटावर याची खूण वर्षानुवर्षे दिसत असे. पायविहीरही याला अपवाद नव्हते. तेव्हा प्रश्न केवळ झाडांचा नव्हता. गाव बारा महिने गावात राहणार की नाही, हा होता.

वनहक्क कायदा काय म्हणतो

संसदेने २००६ मध्ये अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा केला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून अमलात आले. वैयक्तिक कसवणुकीच्या जमिनीचा हक्क या कायद्याने मिळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तथापि त्यातील सामूहिक वनसंपत्तीच्या हक्काकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. गाव ज्या वनाचा परंपरेने वापर करीत आले, त्याचे संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क कलम ३ अन्वये ग्रामसभेला मिळतो. बांबू, तेंदूपाने, मध, मेण, लाख, औषधी वनस्पती आदी गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे हाही त्याचाच भाग होय.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे दोनच तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अचलपूर तालुका त्याबाहेर आहे. तरीही पायविहीरला हक्क मिळाला, कारण वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही. दुसरी अशी की, हा हक्क म्हणजे मालकी नव्हे. ती जमीन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कोणाला वाटूनही देता येत नाही. कलम ५ ने ग्रामसभेवर वन, वन्यप्राणी, जैवविविधता आणि पाणलोट क्षेत्र यांच्या रक्षणाचे कर्तव्य सोपविले आहे. हक्क आणि कर्तव्य ही या कायद्यात बैलजोडीप्रमाणे एका जुवाखाली आहेत.

दाव्याची रीत

दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. ग्रामसभा आपल्यातून दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार तिच्यात किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. अनुसूचित जमातीची वस्ती असेल तेथे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या जमातीचे असतात. समिती वनाची शीव ठरविते, नकाशा तयार करते, पुरावे जमविते आणि वन व महसूल खात्यांना सूचना देऊन प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करते. त्यानंतर ग्रामसभा ठराव करते. या सभेला किमान निम्मे सभासद उपस्थित हवेत आणि उपस्थितांत एक तृतीयांश महिला हव्यात. ठराव उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. अंतिम निर्णय जिल्हा समितीचा असतो.

पुरावा म्हणजे केवळ सरकारी कागद, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. गॅझेटियर, जनगणना, वनखात्याचे जुने आराखडे यांबरोबरच देवस्थाने, स्मशानभूमी, जुन्या विहिरी आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हेही नियमांनी पुरावा मानले आहेत. अमुकच कागद आणा, असा हट्ट धरण्यास नियमांनी मनाई केली आहे.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला आणि राज्यातील अनेक गावांना वाट दिसली. मेळघाटात काम करणाऱ्या ‘खोज’ या संस्थेने पायविहीरच्या ग्रामस्थांना कायदा समजून घेण्यास आणि दावा तयार करण्यास साह्य केले. २०१२ मध्ये पायविहीरच्या सुमारे १९३ हेक्टर क्षेत्रावरील सामूहिक हक्काला मान्यता मिळाली. शेजारच्या उपातखेडा, नयाखेडा आणि खतिजापूर या गावांनीही हाच मार्ग धरला.

डोंगरावरील काम

हातात कागद आला तेव्हा डोंगर उघडाच होता. म्हणून पहिला निर्णय राखणीचा होता. कोठे चराई करावयाची आणि कोठे नाही, झाड कोणी व केव्हा तोडावे, आग लागल्यास कोणी धावावे, हे ग्रामसभेने ठरविले. नियम बाहेरून आलेले नसल्याने ते पाळणेही सोपे गेले. शेजारच्या गावकऱ्याला अडविणे हे वनरक्षकाला अडविण्याहून अवघड असते. परंतु ज्या सभेत तो स्वतः बसला होता, तिचा ठराव दाखविता येतो.

दुसरे काम माती व पाण्याचे. उतारावर समपातळीत चर, नाल्यांत दगडी बांध आणि वृक्षलागवड ही कामे महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतून घेण्यात आली. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची. राज्याचा कायदा १९७७ चा. त्या कल्पनेला येथे एक नवे वळण मिळाले. मजुराने ज्या डोंगरावर चर खणला, त्याच डोंगराच्या उत्पन्नात तो भागीदार होता. अशा वेळी चराची खोली मोजण्यासाठी अधिकाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. गावातच काम उभे राहिल्याने बाहेरगावी जाणाऱ्यांची संख्या घटली.

सीताफळाचे अर्थकारण

या पायथ्याच्या टेकड्यांवर सीताफळाची झाडे आपोआप वाढतात. मूळ अमेरिका खंडातील हे झाड उथळ, खडकाळ जमिनीत तग धरते. त्याची पाने गुरे व शेळ्या सहसा खात नाहीत. म्हणूनच इतर झाडे गेली तरी सीताफळ टिकून राहिले. उन्हाळ्यात फुलोरा येतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास फळ तयार होते.

या फळाचा एक दोष आहे. तोडल्यानंतर ते तीन-चार दिवसांत मऊ पडते. नाशवंत माल घेऊन बाजारात बसलेल्या माणसाला भावासाठी थांबता येत नाही. सायंकाळपर्यंत तो पडेल त्या दराने विकून मोकळा होतो. रानातून पाट्या भरून आणणाऱ्यांच्या पदरी यामुळे थोडेच पडत असे. ग्रामसभेने यात लक्ष घातले. फळाचे डोळे उघडून मधल्या खाचा फिकट पडल्यावरच तोडणी करावयाची, आकाराप्रमाणे प्रतवारी करावयाची, पेट्यांत भरून माल एकत्रितपणे पाठवावयाचा, असा क्रम लावण्यात आला. ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने पायविहीरची सीताफळे थेट मुंबईच्या ग्राहकांपर्यंत पोहोचली. झाडे पूर्वीचीच होती, फळही तेच होते. बदलला तो विकणारा. एकेका घराऐवजी आता गाव विकत होते.

तेंदूपान हे दुसरे उत्पन्न. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची बेटकटाई केली की उन्हाळ्यात कोवळी, रुंद पाने फुटतात. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा महाराष्ट्रातील हिशेब आहे. पूर्वी संग्रहणाचा ठेका शासन देई आणि गावकरी ठेकेदारासाठी पाने तोडीत. वनहक्क मिळाल्यानंतर विदर्भातील ग्रामसभांना पानांचा लिलाव स्वतः करण्याची संधी मिळाली. मात्र ही संधी जोखमीचीही आहे. बाजार पडल्यास तोटा सोसावा लागतो आणि हिशेब चोख ठेवावा लागतो. म्हणून एकेका लहान गावाने एकटे जाण्यापेक्षा शेजारच्या ग्रामसभांनी मिळून सौदा करणे हिताचे ठरते.

सातासमुद्रापलीकडचा असाच प्रश्न

वनकाठच्या गावांचा हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाही. इंडोनेशियात खेड्याला ‘देसा’ म्हणतात; हा शब्द संस्कृत ‘देश’ या शब्दावरून आलेला आहे. तेथेही डचांच्या काळापासून वन म्हणजे सरकारी मालमत्ता, ही समजूत दृढ झाली होती. २०१३ च्या मे महिन्यात तेथील संविधान न्यायालयाने परंपरागत समुदायांचे वन हे सरकारी वन नव्हे, असा निर्णय दिला. त्यानुसार पहिल्या नऊ समुदायांच्या वनांना डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तेथे ‘ग्रामवन’ नावाची आणखी एक पद्धत आहे. तिच्यात गावाला ३५ वर्षांचा परवाना दिला जातो. आपल्याकडील सामूहिक हक्काला अशी मुदत नाही. आज लावलेल्या मोहाच्या झाडाचे फूल नातवंडे वेचतील, असा भरवसा गावाला देणारी ही तरतूद किती मोलाची आहे, हे या तुलनेवरून ध्यानात येते.

पंचायती, शाळा आणि अधिकारी

पायविहीरच्या अनुभवातून काही गोष्टी प्रत्येक वनकाठच्या गावाला घेता येतील. दावा मंजूर होणे हा कामाचा शेवट नसून आरंभ आहे. ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमणे, वनाचा साधासोपा आराखडा करणे, बँकेत खाते उघडून जमाखर्च सभेपुढे वाचणे, ही कामे त्यानंतरची आहेत. ज्या गावात ती झाली नाहीत, तेथे हक्काचा कागद कपाटातच राहतो.

याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आणखी एक उपयुक्त तरतूद आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, रस्ता अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. मात्र हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडता येत नाहीत. जागेअभावी अंगणवाडी अडली आहे, असे सांगण्यापूर्वी ही तरतूद तपासून पाहावी.

शिक्षकांचे साह्य येथे विशेष मोलाचे आहे. वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेणे, वनातील झाडांची आणि पक्ष्यांची स्थानिक नावे नोंदविणे, पावसाचे मोजमाप ठेवणे, ही कामे वरच्या वर्गातील मुले आनंदाने करतात. त्यातून दाव्याला पुरावा मिळतो आणि मुलांना आपल्या गावाचा अभ्यासही घडतो. अधिकाऱ्यांनी ग्रामसभेच्या ठरावाला अर्जाऐवजी निर्णय मानले, तर अर्धी वाट सरते.

पायविहीरच्या डोंगराचे काम संपलेले नाही. चराईचे तंटे, वणवा आणि बाजारभावाची अनिश्चितता ही संकटे प्रत्येक हंगामात नव्याने उभी राहणारच. गावात सभा भरत राहिली, हिशेब वाचला जात राहिला आणि दिवाळीनंतरही शाळेचे वर्ग भरलेले दिसले, तर त्या १९३ हेक्टरांचा हक्क गावाच्या हाती खऱ्या अर्थाने आला असे म्हणता येईल.